चमनचा कागद

दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले की एखाद्या सकाळी खोबरेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. पांढरं, घट्ट झालेलं तेल गळ्याशी अडून बसतं. मी ती बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवते आणि तेल सुटेपर्यंत खाली बघत उभी राहते. आकुर्डीच्या या रस्त्यावर त्या वेळी पहिल्या शिफ्टची माणसं कंपनीच्या बसची वाट बघत असतात. कानटोप्या, मफलर, खिशात कोंबलेले हात. "काय थंडी पडलीय राव!" असं कुणीतरी म्हणतं, आणि ते तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतं. थंडीत आवाज लांबवर जातात.

मला त्या क्षणी जमनाबाई आठवते. "ही थंडी?" म्हणून ती हसायची. समोरचे दोन दात नव्हते तिला. हसली की तोंडावर पदर घ्यायची, आणि पदराआडून तिचे खांदे हलताना दिसायचे.

खोबरेल गोठतं हे मला पिंपरीला येईपर्यंत माहीत नव्हतं. मी राजापूरकडची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायाशी असलेलं लुगडं गळ्यापर्यंत ओढून घ्यायचं, एवढंच. उन्हाळा म्हणजे घाम. पण तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने संध्याकाळी वाळणारा. छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराला मी पिंपरीच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेले मुठेलाचे चार गोळे होते. मुठेल म्हणजे कोकमाचं घट्ट तेल. "घाटावर टाचा फुटतात म्हणे," एवढंच आई म्हणाली.

तेव्हाची पिंपरी आज सांगितली तर कुणाला खरी वाटणार नाही. एक लहानसं गावठाण, पवनेच्या काठाने ज्वारीची रानं, लहानसं स्टेशन, आणि स्टेशनाच्या अल्याड लष्कराने सोडलेल्या बराकींमधून वसलेला निर्वासितांचा कॅम्प. पलीकडे औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता. त्याचा भोंगा झाला की रानातली पाखरं उठायची. कार्तिक सरला की पवनेवरून पहाटे वाफ उठे आणि तासभर गाव, कॅम्प, कारखाना काहीच दिसत नसे. त्या पांढऱ्या धुक्यात उभं राहिलं की वाटे, आपण नक्की कुठे आहोत हे कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही.

गावठाणात शेवंताबाईंच्या घराच्या पडवीला लागून एक खोली होती. ती मला मिळाली. शेवंताबाई विधवा, पन्नाशीच्या, दोन म्हशी आणि चार तुकडे जमीन एकहाती सांभाळणाऱ्या. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं.

"मालक कुठं असत्यात?"

"बोटीवर," मी म्हटलं. "आफ्रिकेच्या बोटीवर. वर्ष-वर्ष येणं होत नाही."

"व्हय का? लई लांब की." एवढं बोलून त्या म्हशीकडे गेल्या.

हे उत्तर मी रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजातच घडवून ठेवलं होतं. खरं असं होतं की माझा नवरा मुंबईत एका पेढीवर कारकून होता आणि लग्नानंतर दहा महिन्यांनी तो मला माहेरी सोडून गेला. "गणपतीला न्यायला येतो," म्हणाला होता. ते गणपती गेले, पुढचेही गेले. माझे वडील प्रत्येक बोटीच्या दिवशी बंदरावर जायचे आणि परत येऊन पाय धुवायचे. तिसऱ्या वर्षी वडिलांनी जाणं बंद केलं आणि मी ट्रेनिंगला गेले. त्याने मला मारलं नाही, छळलं नाही, भांडण केलं नाही. त्याला मी नको होते, इतकंच. मारलं असतं तर निदान सांगायला काही झालं असतं.

शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दुपारी मला कॅम्पातल्या बायकांना मराठी शिकवायला पाठवत. लांबलचक बराक, मधे गोणपाटाचे आडोसे करून केलेली बिऱ्हाडं, आणि एका टोकाला आमचा वर्ग. बाहेर खाटांवर पापड वाळत असायचे, त्यामुळे शिकणाऱ्या बायकांचं अर्धं लक्ष कावळ्यांकडे असे. जमनाबाई सगळ्यांत म्हातारी. ती पाटी मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मागे बसायची. पांढरे कपडे, डोक्यावरून पांढरी चादर, हात बांगड्यांविना ओके. बाकीच्या बायका सिंधमधल्या, एकमेकींच्या ओळखीच्या, शिकारपूरच्या नाहीतर सक्करच्या. ही एकटी चमनची. चमन म्हणजे पार टोकाला, क्वेट्ट्याच्याही पलीकडे, जिथे रेल्वेचा रूळ संपतो ते गाव. कॅम्पात तिच्या गावचं दुसरं कुणी नव्हतं.

"मास्तरनी," एकदा तिने मागून विचारलं, "तुमच्या बोलीत बर्फाला काय म्हणता?"

"बर्फ."

"तो तर आमचा शब्द. तुमचा सांग."

मी थोडा विचार करून 'हिम' म्हटलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "नाही. ह्याला वजन नाही," ती म्हणाली. तिची हिंदी मोडकी, माझीही मोडकी. त्यात तिची सिंधी आणि नव्याने शिकलेलं मराठी मिसळायचं. पण आमचं अडलं कधीच नाही. आता आठवताना तिचं सगळं बोलणं मला मराठीतच ऐकू येतं.

त्या मार्गशीर्षात थंडीने मला अक्षरशः रडवलं. अंगावर घ्यायला आईची एक जुनी गोधडी होती, कोकणातल्या थंडीला पुरेल एवढी. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, सकाळी खडू धरताना बोटं वळत नसत. वर्गात मी शाल घट्ट गुंडाळून कुडकुडत उभी राहिले की जमनाबाई पदर तोंडाला लावायची.

"चल," एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन ती म्हणाली. "तुला रजई करून घेऊ. नाहीतर ह्या वाऱ्याच्या झुळकीने मरशील तू."

चिंचवडात हुसेनभाई पिंजाऱ्यांचं दुकान होतं. तिथवर आम्ही चालत गेलो. ज्वारीला कणसं धरली होती, बांधावरच्या गवतावरचं दव पायाला लागत होतं. वाटेत ती मला तिच्या गावची थंडी सांगत होती. तिथे म्हणे पाण्याचा माठ रिकामा करून झोपावं लागे, नाहीतर आतलं पाणी गोठून माठ फुटे. दोरीवर वाळत घातलेला सदरा फळीसारखा ताठ होई आणि तो घडी घालायला गेलं तर मोडेल की काय अशी भीती वाटे. मातीच्या धाब्यावर बर्फ साठला तर घर खाली येई, म्हणून बायका-पुरुष सगळे सकाळी आधी छपरावर चढून बर्फ लोटून देत. खोलीच्या मधे निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर बुटकी चौकट, चौकटीवर मोठी रजई. सगळं घर त्या रजईत पाय घालून भोवती बसायचं. जेवायचं तिथे, भांडायचं तिथे, झोपायचंही तिथे.

"मग उन्हाळा बरा असेल," मी म्हटलं.

ती थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "उन्हाळा? उन्हाळ्यात तीच माणसं चादरी भिजवून अंगावर घ्यायची आणि चादर वाळली की पुन्हा उठायची."

हुसेनभाई साठीचे, पांढरी दाढी, दाढीतही कापसाचे तंतू. आम्हाला पाहून त्यांनी कापूस पिंजायच्या धनुकलीची तार थांबवली. माझ्या रजईसाठी कापूस किती, कापड कोणतं ते ठरलं. मग ते जमनाबाईला हळूच म्हणाले, "अम्मा, कागद आलाय बघा. परवाच आला."

जमनाबाईचा चेहरा एकदम बदलला. "तू बाहेर बस," ती मला म्हणाली.

मी ओट्यावर जाऊन बसले. हुसेनभाई एकेक ओळ थांबत-थांबत वाचत होते. ऐकायचं नाही असं ठरवूनही मला शब्द ऐकू येत होते. यंदा बर्फ लवकर पडला. बदामाची दोन जुनी झाडं वठली. कारेझचं, जमिनीखालच्या पाटाचं, पाणी कमी आहे. जून-जुलैत गरम वारा चाळीस दिवस थांबला नाही, द्राक्षं वेलीवरच मनुके झाली. तुझी तब्येत कशी आहे. माझे गुडघे दुखतात. शेवटी हुसेनभाईंनी नाव वाचलं, "टीकमदास."

परत येताना निम्म्या वाटेत ती एका बांधावर बसली आणि मलाही बसवलं.

"तू ऐकलंस."

मी मान हलवली.

"टीकमदास माझा मर्द," ती म्हणाली. "जिवंत आहे."

मी तिच्या ओक्या हातांकडे पाहिलं. तिने ते पदराखाली घेतले.

फाळणी झाली तेव्हा चमनमधले हिंदू निघू लागले. टीकमदासची गावाबाहेर बाग होती. बदाम, जर्दाळू, द्राक्षं. तो म्हणाला, "तू सोबतीबरोबर पुढे हो. मी एवढं पीक काढतो आणि येतो." मूलबाळ नव्हतं, म्हणून ती निघाली. कराची, मग बोट, मुंबई, मग हा कॅम्प. वर्षाने निरोप आला की तो येणार नाही. झाडं सोडवत नाहीत. पंचवीस वर्षं वाढवलेली झाडं कुणाच्या भरवशावर टाकायची? तूच परत ये, असंही त्याने लिहिलं नाही. कदाचित ते शक्य नाही हे त्याला कळलं असेल.

त्याच सुमाराला कॅम्पात नवी यादी करायला एक कारकून आला. रांगेत तिची पाळी आली. त्याने मान वर न करता विचारलं, "मर्द?"

"मी म्हटलं, नाही," जमनाबाई सांगत होती. "तो विचारत होता, बरोबर आला आहे का. मी त्याचंच उत्तर दिलं. पण त्याने लिहिलं, विधवा. मागच्या बाईने ते ऐकलं आणि मला मिठी मारून रडायला लागली. मी तिला सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? सवत आणली असती तर चार बायकांत बसून शिव्या दिल्या असत्या, त्या बायकांनीही दिल्या असत्या. बागेसाठी टाकलं मला. झाडांना काय शिव्या देऊ?"

संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने बांगड्या उतरवल्या. सगळी बराक तिच्याभोवती बसून रडली. कॅम्पात उर्दू वाचणारे पुष्कळ होते, पण त्यांच्याकडे नेलं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मग हुसेनभाई. त्यांच्याकडून तिने एक पत्र लिहवून घेतलं, त्यावर त्यांच्या दुकानाचा पत्ता घातला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात एक कागद यायचा. बर्फ पडून बागेतलं काम थांबलं की टीकमदासला लिहायला सवड व्हायची.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने मला विचारलं, "तुझा कुठे असतो गं, धीअ?" धीअ म्हणजे मुलगी.

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. आजूबाजूला माणूस नव्हतं, ज्वारीची पानं तेवढी एकमेकांवर घासत होती. पण माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं, घडवून ठेवलेलं. "बोटीवर. आफ्रिकेच्या बोटीवर." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "येईल," ती म्हणाली. आयुष्यात मी पुष्कळदा खोटं बोलले असेन, पण इतकं कानकोंडं मला कधीच वाटलं नाही.

रजई तयार झाली. तिच्यात शिरल्यावर मला पहिल्यांदा पिंपरीची रात्र सोसवली. पण ऊब आल्यावर एकटेपणाला वेगळीच जागा मिळते. आधी थंडीशी झगडण्यात जीव गुंतलेला असायचा. आता अंग गरम आणि डोकं मोकळं. मी पडल्या-पडल्या चमनच्या त्या चौकटीचा विचार करायची, एका रजईत पाय घालून बसलेल्या सगळ्या घराचा. आणि आता त्या रजईत एकट्याचेच पाय असतील, म्हाताऱ्याचे, दुखऱ्या गुडघ्यांचे. त्याचा राग यावा असं मला वाटे. पण यायचा नाही.

माघ संपता-संपता थंडी ओसरली. दुपारचं ऊन बोचू लागलं. सकाळी शाल आणि दुपारी पदराने वारा, असे ते दिवस. पांगाऱ्यांना लाल फुलं आली होती. एका दुपारी हुसेनभाई स्वतः माझ्या शाळेत आले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, अम्माला घेऊन या दुकानावर. कॅम्पात जाऊन सांगायचा कागद नाही हा."

"दुसरा कागद? या हिवाळ्यात एक येऊन गेला ना?"

"अक्षर दुसऱ्याचं आहे," ते म्हणाले.

मी तिला घेऊन गेले. या वेळी तिने मला बाहेर बसवलं नाही. माझा हात धरून ती खाली बसली. हुसेनभाईंनी चष्मा लावला, कागद उघडला आणि मग कितीतरी वेळ नुसताच हातात धरून ठेवला.

"वाचा," ती म्हणाली.

पत्र शेजारच्या पठाणाने लिहिलं होतं, मोहम्मद जान नावाच्या. बदाम यंदा लवकर फुलले आणि फुलांवरच पुन्हा कडाक्याची थंडी उतरली. फुलं वाचावीत म्हणून टीकमदास तीन दिवस झाडांमधून धूर करत फिरत होता. मी सांगितलं, घरी चल. त्याने ऐकलं नाही. मग ताप भरला, छाती भरली. पाचव्या दिवशी गेला. गावात हिंदूंची दोन घरं उरली आहेत, त्यांनी तुमच्या रीतीने सगळं केलं. लाकूड मिळेना, तेव्हा त्याच्याच बागेतली वठलेली झाडं मी तोडून दिली. बहिणी, मला माफ कर, बदामाची लाकडं होती. फुलं अर्धी वाचली आहेत.

हुसेनभाईंनी कागदाची घडी केली. धनुकली भिंतीला टेकलेली होती. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. जमनाबाई रडली नाही. तिने कागद मागून घेतला, उलटा-सुलटा पाहिला, जणू वाचता येतंय, आणि चोळीत ठेवला.

"आता मी कॅम्पात जाऊन काय सांगू?" ती म्हणाली. "कोण गेलं म्हणून सांगू? तो तर आठ वर्षांपूर्वीच गेला. त्याच्यासाठी त्या बायका एकदा रडल्या आहेत."

हुसेनभाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी म्हटलं, "अम्मा, माझ्या खोलीवर चला."

त्यानंतर बारा दुपारी ती माझ्याकडे आली. बराकीत सांगायची, मास्तरनीकडे जास्तीचा अभ्यास करायला जाते. सुट्टीच्या दिवशी मी घरीच असे, शाळेच्या दिवशी किल्ली शेवंताबाईंकडे ठेवून जाई. पहिल्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि जो आवाज तिच्या तोंडून निघाला तो मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मोठा नव्हता. खोल विहिरीत कुणीतरी दगड घासत असावं तसा. मी तिच्याजवळ बसून राहिले. आपल्या माणसांत मोठ्याने रडायचा अधिकार तिने आठ वर्षांपूर्वी खर्च करून टाकला होता, आणि आता चार भिंती आणि एक परकी मुलगी एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

संध्याकाळी शेवंताबाई पडवीत आल्या. हातात झाकलेली परात. आत पिठलं आणि भाकरी.

"म्हातारीला खाऊ घाला. आन् तुमी बी खा. आज चूल नगा पेटवू."

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, तिथे शेजारचे असं अन्न नेऊन देतात. मी घाबरून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? मला काय रडनं वळखू येत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "कोन गेलं ते मी इचारत न्हाई. ज्याचं त्याला ठावं." बाराही दिवस परात आली.

पुढच्या दुपारी जमनाबाई बोलू लागली. नवऱ्याबद्दल फारसं नाही. बहुतेक सगळं त्या गावाबद्दल, तिथल्या साध्यासुध्या दिवसांबद्दल. उन्हाळ्यात भाकऱ्या उजाडायच्या आत भाजून घ्यायच्या, कारण नंतर चुलीपुढे बसवत नसे. दुपारी पितळेच्या भांड्याला हात लागला तर फोड येई. दुकानं बंद, रस्ते ओस, कावळे चोच उघडी टाकून भिंतीच्या सावलीत बसलेले. संध्याकाळी छपरावर पाणी शिंपडलं की मातीतून वाफ निघे, मग खाटा वर चढवायच्या. आणि भाद्रपदात द्राक्षं आली की त्यातले चांगले घोस मातीच्या दोन वाट्यांत घालून ओल्या मातीने सांधे बंद करायचे. भर हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, टीकमदास तशी एक वाटी फोडायचा. आत द्राक्षं जशीच्या तशी, टपोरी, गार.

"पहिला मणी माझ्या तोंडात घालायचा," ती म्हणाली. तेवढंच एक वाक्य नवऱ्याबद्दलचं.

बाराव्या दिवशी ती निघाली तेव्हा मी तिला दारात थांबवलं.

"अम्मा, माझा नवरा बोटीवर नाही. मुंबईत आहे. त्याने मला टाकलं आहे. चार वर्षं झाली."

ती परत आत आली आणि बसली.

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग जिवंत आहे असंच सांग. टाकलं असं सांग. लोक दोन दिवस बोलतील, बोलू देत." तिने माझी हनुवटी धरली. बोटं खरखरीत होती, पापडाच्या पिठाची. "मी लाजेपायी माझा माणूस आधीच मारून टाकला. आता खरोखर गेला, तर मला दाराला कडी लावून रडावं लागलं. तू असं करू नकोस, धीअ. तो कसाही असला तरी ते तुझं रडणं आहे. ते लपवून ठेवू नकोस."

त्याच संध्याकाळी मी शेवंताबाईंना गोठ्यात जाऊन सांगितलं. त्या धार काढत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "बोटीवरच्या मान्साचे कागद येत्यात. तुमी एकदा बी पोस्टमनची वाट बघितली न्हाई." थोड्या वेळाने, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून, "ऱ्हावा हितंच. खोली तुमचीच हाय," असंही म्हणाल्या.

शाळेत सांगायला आणखी महिना लागला. लोक बोलले. दोन दिवस नाही, वर्षभर बोलले. एका पालकाने आपली मुलगी माझ्या वर्गातून काढली. पण हळूहळू बोलणं शिळं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात जमनाबाई कल्याणच्या कॅम्पात गेली. कराचीत वाढलेला भाचा होता तिचा, त्याने बोलावून घेतलं. स्टेशनवर आम्ही तिघं होतो, मी, हुसेनभाई आणि शेवंताबाई. वैशाखाचं ऊन फलाटावर रटरटत होतं. शेवंताबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "काय ह्यो उन्हाळा!" जमनाबाईने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलले. हसली की रडली ते मला कळलं नाही. गाडी सुटली. नंतर तिची खबर आली नाही. मीही गेले नाही. जायला हवं होतं. नोकरी, आईचं आजारपण, अशी कारणं आहेत, पण ती कारणं मला स्वतःलाच पटत नाहीत.

पिंपरीचं गावठाण कारखान्यांनी वेढलं गेलं, ज्वारीची रानं गेली. पवनेवरून आता वाफ उठते की धूर, तेही सांगता येत नाही. हिवाळा मात्र येतो, थोडा उशिरा, थोडा कमी. मी एकटीच राहिले. दुसरं लग्न कर असं सांगणारे होते, माझ्याने झालं नाही. एकटेपणाची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही, फक्त त्याची घडी नीट घालता येऊ लागली.

त्या हिवाळ्यानंतर वीसेक वर्षांनी, एका मे महिन्यात, राजापूरहून माझा चुलतभाऊ आला. पाणी प्यायला, टोपी काढून हातात घेतली. "आक्का," म्हणाला, "मुंबईला ते गेले. गेल्या मंगळवारी." मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं आलंही नाही. मग आलं, आणि आवरेना. कशासाठी ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. त्या माणसाचा चेहरासुद्धा मला धड आठवत नव्हता.

दार सताड उघडं होतं. समोरच्या बाई धावत आल्या. "काय झालं बाई? कोण गेलं?"

"माझा नवरा," मी म्हटलं.

त्या सगळ्यांना माहीत होतं की त्याने मला टाकलं होतं. तरी त्या आत आल्या. मग वरच्या मजल्यावरच्या आल्या, शाळेतल्या दोघी आल्या. कुणी पंखा लावला, कुणी माझ्या डोक्याला पाण्याचा हात लावला. कुणी काही विचारलं नाही. त्या दुपारी माझ्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती.